सूक्ष्मतरंगांची उष्णता : अन्नउद्योगाचा अनुभव आणि आपली फार्मसी

अग्नीचा विचार आयुर्वेदाने फार बारकाईने केला आहे. मंद अग्नी कोणता, खर अग्नी कोणता, क्वाथ उघड्या पात्रात का करावा, स्नेहपाक मृदू, मध्यम की खर ठेवावा, दोलायंत्र कोठे आणि वालुकायंत्र कोठे योजावे, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्या ग्रंथांत आहे. आता ज्वाला नसलेली एक उष्णता आपल्या दाराशी आली आहे. मायक्रोवेव्ह म्हणजेच सूक्ष्मतरंग, हे तिचे नाव. अन्नप्रक्रिया उद्योगाला ती अर्धशतकाहून अधिक काळ परिचित आहे. २०२२ मध्ये आयुर्वेद आहारासंबंधीचे विनियम लागू झाल्यापासून फार्मसी आणि अन्नउद्योग यांतील भिंत पातळ झाली असून अन्नउद्योगाची यंत्रे औषधी वनस्पतींसाठीही सुचविली जात आहेत.

या उष्णतेबद्दल आपल्या व्यवसायात दोन टोकांची मते ऐकू येतात. चिकित्सालयात आपण रुग्णाला सांगतो की मायक्रोवेव्हमधील अन्न निःसत्त्व किंवा विषारी होते. दुसरीकडे यंत्रविक्रेता फार्मसीमालकाला सांगतो की या एकाच यंत्रात वनौषधी मिनिटांत वाळते आणि निर्जंतुकही होते. पहिल्या मताने सुशिक्षित रुग्णाचा आपल्यावरील विश्वास डळमळतो, दुसऱ्याने मालकाचे भांडवल आणि रुग्णाचे स्वास्थ्य दोन्ही पणाला लागतात. म्हणून या विषयाची परीक्षा करणे आम्हास आवश्यक वाटले.

उष्णता उत्पन्न कशी होते?

चुलीवर पात्र तापते, पात्रामुळे द्रव्याचा बाह्यभाग तापतो आणि तेथून उष्णता आत जाते. मायक्रोवेव्हमध्ये बाहेरून उष्णता दिली जात नाही. मॅग्नेट्रॉन नावाच्या नलिकेतून विद्युतचुंबकीय तरंग निघतात. त्यांची कंप्रता बहुधा २४५० मेगाहर्ट्झ असते, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी आवर्तने. पाण्याच्या रेणूचे एक टोक धन तर दुसरे ऋण असते. बदलत्या विद्युतक्षेत्राबरोबर वळण्याच्या धडपडीत हे रेणू परस्परांवर घासतात आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. द्रव्यात क्षार असतील तर त्यांचे आयनही हालचाल करून उष्णतेत भर घालतात.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की ही किरणे गॅमा किरणांच्या जातीची नव्हेत. त्यांच्या एका कणाची ऊर्जा रासायनिक बंध तोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या लक्षांशाहूनही कमी असते. त्यामुळे तापविलेल्या अन्नात किरणोत्सार राहतो, ही समजूत निराधार आहे. लासलगाव येथे कांद्यावर किंवा वाशी येथे मसाल्यांवर होणारी विकिरण प्रक्रिया वेगळी आणि मायक्रोवेव्हचे तापविणे वेगळे. या दोहोंची गल्लत आपण रुग्णापुढे करू नये.

दुसरी गोष्ट फार्मसीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. ही उष्णता मुख्यतः पाण्याच्या आश्रयाने राहते. जेथे पाणी तेथे ती, जेथे पाणी नाही तेथे ती क्षीण. शुद्ध बर्फ हे तरंग जवळजवळ शोषत नाही, तैल अत्यल्प शोषते, धातूचे पात्र तर ते परतवून लावते. मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजविते, असे जे म्हटले जाते तेही पूर्णार्थाने खरे नाही. पाणीदार पदार्थात २४५० मेगाहर्ट्झच्या तरंगांची शक्ती साधारणतः एक-दोन सेंटीमीटर खोलीवरच बरीचशी संपते. ९१५ मेगाहर्ट्झचे तरंग याहून खोल जातात आणि म्हणूनच मोठ्या कारखान्यांत ते वापरले जातात.

अन्नउद्योगाने काय अनुभविले?

दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉनचा विकास झाला. १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी त्याचे प्रभावी रूप सिद्ध केले. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे अभियंता पर्सी स्पेन्सर यांनी या तरंगांनी अन्न तापते हे हेरून १९४५ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला. १९४७ मध्ये आलेले पहिले व्यापारी यंत्र माणसाच्या उंचीचे, तीनशे किलोंहून जड आणि पाण्याने थंड ठेवावे लागणारे होते. घराच्या ओट्यावर मावणारे यंत्र १९६७ मध्ये आले. कारखान्यांतील उपयोगाची कथा मात्र घरगुती यंत्राहून निराळी आहे आणि तीच आपल्याला बोधप्रद आहे.

उद्योगात या तंत्राचे सर्वांत स्थिर झालेले काम म्हणजे गोठविलेल्या मांसाचे, माशांचे वा लोण्याचे ठोकळे कापण्याजोगे मऊ करणे. थंड खोलीत ज्याला दिवसचे दिवस लागत ते काही मिनिटांत होऊ लागले. परंतु येथे उद्योगाने एक मर्यादा कटाक्षाने पाळली. ठोकळा उणे दोन ते उणे चार अंश सेल्सिअसपर्यंतच आणावयाचा, पूर्ण वितळवायचा नाही. कारण एखादा कोपरा वितळून तेथे पाणी झाले की सारी ऊर्जा तेच पाणी ओढून घेते. मग कोपरा शिजतो आणि मध्यभाग गोठलेलाच राहतो. ज्या गुणामुळे हे तंत्र वेगवान ठरते त्याच गुणामुळे ते विषमही ठरते.

दुसरा अनुभव बटाट्याच्या वेफर्सचा. साठवणीत बटाट्यातील शर्करा वाढली की तळताना वेफर काळपट होतात. १९६० च्या दशकात अमेरिकेतील उत्पादकांनी वेफर अर्धवट तळून उरलेला ओलावा मायक्रोवेव्हने काढण्याची यंत्रे बसविली. वेफर फिकट निघू लागले. तरीही काही वर्षांतच ही यंत्रे मागे पडली. बटाट्याचे वाण आणि साठवण सुधारली, तेव्हा काळेपणाचा दोष मुळातच नाहीसा होऊ लागला आणि यंत्राच्या देखभालीचा खर्च परवडेनासा झाला. कच्च्या मालाचा दोष यंत्राने झाकण्यापेक्षा कच्चा माल सुधारणे स्वस्त पडते, हा धडा उद्योगाने पैसे मोजून घेतला.

तिसरा अनुभव निर्जंतुकीकरणाचा. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात जुमिंग तांग यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या ९१५ मेगाहर्ट्झच्या पद्धतीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये प्रथम मान्यता दिली. ती बंद वेष्टनातील कुस्करलेल्या बटाट्यासाठी होती. या पद्धतीत वेष्टन दाबाखालील गरम पाण्यात बुडवून त्यावर तरंग सोडतात, अन्नाच्या प्रत्येक भागाचे तापमान १२१ अंशांच्या आसपास पोहोचते की नाही हे तपासतात आणि त्यानंतरच मान्यता मिळते. येथे अन्न ओले आहे, वेष्टन बंद आहे आणि भोवती गरम पाण्याचा दाब आहे, ही तिन्ही विशेषणे वाचकांनी लक्षात ठेवावीत. पुढे चूर्णाचा विचार करताना त्यांचे प्रयोजन कळेल.

वाळवण : उपयोग नेमका कोठे?

वनौषधी वाळविताना आपणास नेहमी येणारा अनुभव असा, की आरंभीचे पाणी झपाट्याने जाते आणि शेवटचा थोडा ओलावा जाता जात नाही. उष्ण हवेने बाहेरचा थर कोरडा होऊन आकसतो आणि आतील पाण्याची वाट अडते. याच टप्प्यावर मायक्रोवेव्ह उपकारक ठरते, कारण ती आतील पाण्यालाच गाठते. जेथे ओलावा अधिक तेथे ऊर्जा अधिक जात असल्यामुळे मालातील ओलाव्याची विषमताही कमी होते.

मात्र आरंभापासून अखेरपर्यंत सर्व पाणी याच यंत्राने काढावयाचे ठरविल्यास हिशेब बिघडतो. ८० टक्के ओलावा असलेली १०० किलो ओली पाने घेतली, तर त्यांत २० किलो शुष्क भाग असतो. ओलावा १० टक्क्यांवर आणला की वजन सुमारे २२ किलो भरते, म्हणजे ७८ किलो पाणी उडवावे लागते. एक किलो पाणी साध्या तापमानापासून वाफ होईपर्यंत सुमारे ०.७ युनिट ऊर्जा घेते. त्या हिशेबाने ५५ युनिट झाले. २४५० मेगाहर्ट्झचे यंत्र विजेचा अर्ध्याहून थोडाच अधिक भाग द्रव्यापर्यंत पोहोचविते असे धरले, तर वीज लागेल सुमारे १०० युनिट. याउलट सावलीत, सौर वाळवणीत किंवा उष्ण हवेच्या कपाटात ओलावा आधी २५ टक्क्यांपर्यंत आणला, तर यंत्रासाठी उरते केवळ साडेचार किलो पाणी आणि वीज लागते सुमारे ६ युनिट. अन्नउद्योगातही उष्ण हवा आणि मायक्रोवेव्ह यांची जोडी लावतात, त्याचे कारण हेच.

कोमल द्रव्यांसाठी निर्वात मायक्रोवेव्ह हा आणखी एक पर्याय आहे. दाब ५० मिलिबारपर्यंत उतरविला की पाणी सुमारे ३३ अंशांनाच उकळते. द्रव्य फारसे न तापता वाळते, रंग टिकतो. यंत्र महाग असते, म्हणून मूल्यवान द्रव्यापुरताच त्याचा विचार करावा.

निर्जंतुकीकरणाचा दावा

आता ज्या दाव्याने फार्मसीमालक सर्वाधिक आकृष्ट होतात त्याकडे वळू. चूर्णांतील जंतुभार ही आपल्या व्यवसायाची जुनी डोकेदुखी आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार एका ग्रॅममध्ये एकूण जिवाणू एक लाखाच्या आत आणि बुरशी व यीस्ट एक हजाराच्या आत असावेत. ई. कोलाय, साल्मोनेला, स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा हे तर असताच कामा नयेत. इथिलीन ऑक्साइडच्या धुरीचा मार्ग धोक्याचा ठरला आहे. २०२० मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या तिळांत त्याचे अंश सापडले आणि मोठ्या प्रमाणावर माल परत घ्यावा लागला. अशा वेळी धुरी नको, किरणोत्सार नको, केवळ मायक्रोवेव्ह पुरे, हे वाक्य कानाला गोड लागते.

परंतु शुष्क चूर्णाबाबत त्या वाक्यास आधार नाही. दमट उष्णतेने जंतू लवकर मरतात, कोरड्या उष्णतेने उशिरा. वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना १५ मिनिटे पुरतात, पण कोरड्या हवेच्या ओव्हनमध्ये १६० अंशांना दोन तास द्यावे लागतात, हे आपण सारे शिकलो आहोत. आठ टक्के ओलाव्याचे चूर्ण मायक्रोवेव्हमधून गेले तर ते तरंग कमी शोषते, आणि जे काही तापते ते कोरड्या उष्णतेने. बॅसिलस कुळातील जिवाणूंचे बीजाणू त्यातून सहज वाचतात. बीजाणू मरतील इतके तापविले तर चूर्णच करपते. ओल्या, बंद आणि दाबाखालील अन्नासाठी मिळालेली मान्यता उघड्या, कोरड्या चूर्णाला लागू पडत नाही.

मग यंत्राचा काहीच उपयोग नाही काय? आहे, पण त्याची मर्यादा ओळखून. साठवणीतील कीटक आणि त्यांची अंडी त्या मानाने कमी उष्णतेने मरतात, तेवढे काम ते करते. जिवाणूंचा भार कमी करावयाचा असेल तर द्रव्य ओले असतानाच करावा. स्वच्छ पाण्याने धुवावे, द्रव्यास सोसत असेल तर थोडा काळ वाफ वा दमट उष्णता द्यावी आणि मग विनाविलंब वाळवावे. तरीही बीजाणू राहतात, हे गृहीत धरूनच ओलावा आणि वेष्टन यांची दक्षता घ्यावी.

याहून गंभीर एक बाब आहे. बुरशी मेली तरी तिने निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन नष्ट होत नाही. ते नेहमीच्या पाकक्रियेच्या उष्णतेस दाद देत नाही. पावसात भिजलेली, बुरशी आलेली मुळे यंत्रातून काढली तर जंतुपरीक्षेचा अहवाल सुधारेल, पण विष तसेच राहील. असे द्रव्य नाकारणे हाच त्यावरील उपाय होय. वेफर उत्पादकांचा धडा आपल्यासाठी अधिकच कठोर आहे. त्यांचा केवळ रंग बिघडत होता, येथे रुग्णाच्या यकृताचा प्रश्न आहे.

वीर्याचा प्रश्न

शार्ङ्गधरांनी चूर्णाची सवीर्यता दोन मासांची सांगितली. वाळवणाची पद्धत ही त्या सवीर्यतेची पहिली पायरी आहे. शीघ्र वाळवणाने काही द्रव्यांचा लाभ होतो. पाने हळूहळू वाळताना त्यांतील विकर रंग व घटक बिघडवितात, ते त्वरित थांबतात आणि रंग हिरवा राहतो. परंतु काही द्रव्यांचा गुण विकरांवरच अवलंबून असतो. मोहरीचा तीक्ष्णपणा दाणा चिरडून ओला झाल्यावर विकरामुळे प्रकट होतो. विकर उष्णतेने मेले तर मोहरी मंद पडते. रसोनाबाबत २००१ मध्ये साँग आणि मिल्नर यांनी जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग उल्लेखनीय आहे. उंदरांवरील या प्रयोगात, कर्ककारक द्रव्यास डीएनएशी जोडले जाण्यापासून रोखण्याची लसणाची क्षमता ६० सेकंदांच्या मायक्रोवेव्ह तापविण्याने नाहीशी झाली. लसूण ठेचून १० मिनिटे ठेवला आणि मग तापविला, तर ती पूर्णपणे नष्ट झाली नाही. लक्षणीय असे, की साध्या ओव्हनमध्ये ४५ मिनिटे तापवूनही क्षमता तशीच नष्ट झाली होती. म्हणजे दोष तरंगांचा नसून उष्णतेचा आणि तिच्या वेळेचा आहे. प्रथम ठेचणे आणि नंतर तापविणे, हा क्रमच येथे गुण राखतो.

तुळस, ओवा, दालचिनी अशा सुगंधी द्रव्यांत आणखी सावधता हवी. आतील पाण्याची एकाएकी वाफ होऊन तैलग्रंथी फुटतात आणि उडनशील तैल निघून जाते. तैल काढण्याच्या काही आधुनिक पद्धती याच तत्त्वावर चालतात. तैल काढण्यास जे उपकारक, तेच वाळवणात अपकारक. सैंधवादी लवणयुक्त चूर्णे ओलावा असताना विषम तापतात. काही लोह-ऑक्साइडे तरंग जोराने शोषतात, त्यामुळे लोहभस्मयुक्त गुटी यंत्रात वाळविण्यापूर्वी अल्प प्रमाणावर परीक्षा करावी.

संस्कार आणि शास्त्रोक्तता

चरकाचार्यांनी आहारविधीच्या आठ आयतनांत करण म्हणजे संस्कार सांगितला आणि संस्काराने द्रव्यात अन्य गुणांचे आधान होते असे मानले. त्या दृष्टीने पाहता मायक्रोवेव्ह हाही एक संस्कार आहे, आणि त्याचे गुणदोष प्रत्येक द्रव्यात तपासूनच ठरवावे लागतील. छायाशुष्क करावयाच्या द्रव्याचा ओलावा अखेरीस काढणे वेगळे आणि मंदाग्नीवरील क्वाथ वा स्नेहपाक बंद कोठडीत करणे वेगळे. स्नेहपाकात कल्काची वर्ती, फेनाचा उद्गम वा शांती आणि गंध-वर्ण यांवरून वैद्य पाकाची सिद्धी ओळखतो. बंद यंत्रात ही लक्षणे पाहणार कोण? शिवाय जसजसे पाणी संपते तसतशी तरंग शोषण्याची शक्ती बदलते आणि नेमक्या त्याच वेळी पाकाची कसोटी असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम ३(अ) नुसार आयुर्वेदिक औषध प्रमाण ग्रंथांतील योगांप्रमाणेच निर्माण झालेले असावे लागते. म्हणून पाकक्रियेत हे यंत्र आणण्याची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यंत्र घेण्यापूर्वी

१. विक्रेत्याच्या पत्रकावर विसंबू नये. आपलेच द्रव्य, एकाच खेपेतील, निम्मे नेहमीच्या पद्धतीने आणि निम्मे त्याच्या यंत्रात वाळवून घ्यावे. दोन्हींचा ओलावा, जलद्राव्य व मद्यद्राव्य सत्त्व, उडनशील तैल, एचपीटीएलसी आणि जंतुभार यांची तुलना तटस्थ प्रयोगशाळेत करावी.

२. नमुना एकाच ठिकाणाहून घेऊ नये. पट्ट्याचा मध्य, कडा, थराचा वरचा व खालचा भाग असे निरनिराळे नमुने घ्यावेत, कारण या तंत्राचा मूळ दोष विषमता हा आहे.

३. यंत्राची कंप्रता विचारावी. ९१५ मेगाहर्ट्झचा पट्टा औद्योगिक वापरासाठी प्रामुख्याने अमेरिका खंडात मोकळा आहे. आपल्याकडे त्याच्या लगतच मोबाइल सेवा चालते. परवान्याची खात्री करावी.

४. माल आत-बाहेर जाणाऱ्या तोंडाशी तरंगांची गळती मोजून घ्यावी आणि ते मापन नियमित करावे. कामगाराच्या डोळ्यांची काळजी ही मालकाची जबाबदारी आहे.

५. शेड्यूल टी नुसार ठेवावयाच्या नोंदींत शक्ती, काळ, थराची जाडी आणि आरंभीचा व अखेरचा ओलावा लिहावा.

रुग्णाने विचारले तर काय सांगावे? अन्न ताजे असावे, एकदाच शिजवून उष्ण खावे, पुनःपुन्हा तापवू नये, हा आपला उपदेश पूर्वीइतकाच योग्य आहे आणि तो चुलीलाही लागू आहे. मायक्रोवेव्हमध्ये तापविलेच तर मधूनमधून ढवळावे, कारण काही भाग थंड राहून त्यात जंतू वाचतात. प्लॅस्टिकऐवजी काचेचे वा चिनीमातीचे पात्र वापरावे. त्यात विष उत्पन्न होते असे मात्र सांगू नये. जे सिद्ध नाही ते आपण बोललो, तर जे सिद्ध आहे तेही उद्या कोणी ऐकणार नाही.

हे यंत्र वाळवणाच्या अखेरच्या टप्प्यात उत्तम सहायक आहे, पाकक्रियेत अपरीक्षित आहे आणि शुष्क चूर्णाच्या निर्जंतुकीकरणात अविश्वसनीय आहे. ज्या फार्मसीत द्रव्याचा संग्रह योग्य ऋतूत होतो, जेथे ते धुऊन वेळेवर वाळते आणि कोरड्या जागी राहते, तेथे या यंत्राची उणीव क्वचितच भासेल. ज्या फार्मसीत हे होत नाही, तिने यंत्रासाठी काढलेली रक्कम प्रथम संग्रहालयाचे छप्पर, वाळवणीची जागा आणि द्रव्यपरीक्षक यांवर खर्च करावी, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे.